पोट बघून मासा घ्या

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच माशाबद्दल आहेत. ओटोसिंक्लस, म्हणजे आपला ओटो. दीड इंचाचा, कडेने काळी रेघ असलेला, पानाला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा मांजरमासा. बहुतेक पत्रांत शेवटची ओळ सारखीच आहे, ‘मेला’. म्हणून हा सगळा अंक त्याच्यासाठी.

मी कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत २८ वर्षं काम केलं आणि १६ वर्षं ओटो पाळते आहे. सुरुवातीचे ११ ओटो माझ्याकडे महिनाभरही जगले नाहीत. आज टाकीत ९ आहेत, त्यांतला सर्वांत जुना सहाव्या वर्षात आहे. या दोन्हींच्या मधे जे शिकले ते खाली लिहिते.

प्रश्न : ताई, नमस्कार. दिवाळीत दोन फुटी टाकी घेतली. दहाव्या दिवशी काचेवर आणि पानांवर तपकिरी थर धरला. दुकानदार म्हणाला, सहा ओटो सोडा, दोन दिवसांत टाकी लख्ख होईल. टाकी खरंच लख्ख झाली, पण बाराव्या दिवसापर्यंत पाच मासे मेले. पाणी आरशासारखं आहे, गप्पी मजेत आहेत. मुलगी रोज विचारते, कशाने मेले? तिला काय सांगू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीला खरं सांगा. मासे उपाशी होते, आणि तुमच्या घरी यायच्या आधीपासून उपाशी होते.

गप्पी, मॉली हौदात वाढवतात. ओटोचं तसं नाही. बाजारात येणारे जवळपास सगळे ओटो नदीतून धरलेले असतात. पेरू, कोलंबिया, ब्राझील इथल्या नद्यांच्या काठाला पाण्यात लोळणाऱ्या गवताच्या पात्यांवर हे मासे मोठ्या घोळक्याने गुरांसारखे चरत असतात. तोंड सतत चालू, पोट सतत भरलेलं. जाळ्यात आले की चरणं थांबतं. आधी गावाजवळच्या हौदात, मग शहरातल्या व्यापाऱ्याकडे, मग विमानात, मग आपल्याकडच्या आयातदाराकडे, तिथून घाऊक बाजार आणि शेवटी दुकान. या वाटेवर शेवाळ धरलेली एक काच कुठे भेटत नाही. इतक्या उपासानंतर समोर अन्न आलं तरी काही मासे तोंडच लावत नाहीत. ते दुकानात चिकटून बसलेले दिसतात, शांत वाटतात, आणि घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी जातात.

म्हणून ओटो घेताना बघायचं ते पोट. वरून बघून काही कळत नाही, मासा काचेला चिकटला की समोरून बघा. धट्ट्याकट्ट्या ओटोचं पोट पांढरट आणि बाहेरच्या बाजूला गोलसर असतं, तांदळाचा टपोरा दाणा असतो तसं. उपाशी ओटोचं पोट आत गेलेलं असतं. छातीच्या परांच्या मागे चमच्याच्या खोलग्यासारखा खड्डा दिसतो आणि डोकं अंगापेक्षा मोठं वाटायला लागतं. असा मासा कितीही दया आली तरी पहिल्यांदाच ओटो पाळणाऱ्याने आणू नये. तो वाचवायला मुरलेली टाकी आणि सवयीचा हात लागतो. मी दुकानात आगाऊ पैसे देऊन ठेवते आणि सांगते, नवा माल आला की माझे आठ दोन आठवडे तुमच्याकडेच राहू द्या. चांगला दुकानदार ऐकतो. दोन आठवड्यांनी जे उरतात आणि खाताना दिसतात, तेवढेच घरी आणते.

दुसरी गोष्ट त्या तपकिरी थराची. ते शेवाळ म्हणजे डायाटम, मराठीत करंडक वनस्पती. नव्या टाकीत वाळूतून आणि पाण्यातून सिलिका मिळते तेव्हा तो थर धरतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. मी एकदा काचेवरचा हा थर ब्लेडने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. सोनेरी-तपकिरी, नावेच्या आकाराच्या, नक्षी कोरलेल्या बारीक बारीक डब्या, काही अजून हळूहळू सरकत होत्या. ओटोला हे पक्वान्न. पण सहा ओटो दोन फुटी टाकीतलं हे पक्वान्न दोन दिवसांत संपवतात. टाकी लख्ख झाली त्या दिवशी तुमच्या माशांचं ताट रिकामं झालं.

आणि तिसरी गोष्ट, दहा दिवसांची टाकी ही टाकी नव्हेच. माशांच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं दिसतं आणि तरीही विषारी असतं. गप्पी ते सोसतो, उपाशी ओटो सोसत नाही. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत, असं सलग काही आठवडे दिसलं की मग ओटोचा विचार करायचा. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक आहे : टाकीला तीन महिने झाल्याशिवाय ओटो नाही.

सहावा अजून आहे ना? त्याच्यासाठी आजपासून मागची काच पुसणं बंद करा. देशी बदामाचं वाळलेलं, तपकिरी झालेलं पान धुऊन टाकीत टाका. रस्त्याकडेचं नको, धूर-धूळ नसलेल्या झाडाखालचं. आठवड्याभरात त्यावर बुळबुळीत थर धरेल. त्या थरात जिवाणू, शेवाळ, सूक्ष्म जीव सगळं असतं, आणि ओटोचं खरं रोजचं जेवण तेच आहे. पाणी दर दोन दिवसांनी थोडं थोडं बदला. नवे ओटो एवढ्यात आणू नका.

प्रश्न : आमचे चार ओटो काकडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. शेवाळाच्या गोळ्या गप्पी फस्त करतात. काचेवरचं शेवाळ संपत आलंय. काय खायला घालू?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : नदीतून आलेल्या माशाला काकडीची चकती हे अन्न आहे हे कळत नाही. त्याला माहीत आहे तो पृष्ठभाग : दगड, पान, लाकूड, त्यावरचा हिरवा थर. म्हणून अन्न त्याच रूपात द्या.

माझ्या बाल्कनीच्या कठड्यावर पाच बरण्या आहेत, लोणच्याच्या काचेच्या. प्रत्येकीत नदीतले चपटे, गुळगुळीत चार-पाच गोटे. टाकीचं पाणी बदलताना जे पाणी काढते ते फेकत नाही, या बरण्यांत भरते. त्यात नायट्रेट असतं, शेवाळाला तेच खत. पुण्याच्या हिवाळी उन्हात दहा-बारा दिवसांत गोटा हिरवा होतो, उन्हाळ्यात आठवड्यात. डासांची अंडी होऊ नयेत म्हणून तोंडाला जुन्या ओढणीचं कापड बांधते. रविवारी एका बरणीतले गोटे टाकीत जातात आणि चाटून साफ झालेले बरणीत परत येतात. हिरवा गोटा तळाला टेकतो न टेकतो तोच पहिला ओटो येऊन बसतो. खालचा ओठ बशीसारखा पसरतो, आणि गोट्यावर तोंडाएवढ्या रुंदीची स्वच्छ पट्टी उमटत जाते. भिंग घेऊन मी हे कितीदा तरी बघितलं आहे, अजून कंटाळा आलेला नाही. गोटा बोटाला मऊ, हिरवा लागला पाहिजे. लांब केसांसारखं किंवा काळ्या दाढीसारखं शेवाळ ओटो खात नाही. त्याच्या आशेने ओटो आणू नका.

हे जमेपर्यंत दुसरी युक्ती. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाची पावडर पाण्यात कालवून दाट लगदा करा, गोट्यावर बोटाने पातळ थर फासा, सावलीत पूर्ण वाळवा, पुन्हा फासा, पुन्हा वाळवा. रात्री दिवा मालवल्यावर गोटा टाकीत सोडा. गप्पी तेव्हा सुस्त असतात आणि ओटो निवांत खातो. सकाळी उरलेलं काढून घ्या, नाहीतर पाणी नासतं.

भाजी शिकवायची असेल तर झुकिनी काकडीपेक्षा बरी. साल काढा, बोटाएवढी जाड चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून गार करा, स्टीलच्या काट्यात खोचून तळाला ठेवा. पालकाचं पान तसंच, उकळत्या पाण्यातून काढून. पालक नीट धुतल्याशिवाय देऊ नका. फवारणीचा अंश आपल्याला सोसेल, दीड इंचाच्या माशाला सोसणार नाही. पहिल्या दिवशी खाणार नाहीत. मी एकदा सलग १७ रात्री चकती ठेवली, अठराव्या सकाळी दोघं तिच्यावर बसलेले दिसले. एकाने सुरुवात केली की बाकीचे बघून शिकतात.

खातायत की नाही याची खूण पोट, आणि दुसरी खूण शेपटीखाली लोंबणारा विष्ठेचा हिरवट-तपकिरी धागा. धागा दिसला की त्या दिवशी चिंता नाही.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ अंशांवर जातं. वीजही जाते. ओटो सारखे वर जाऊन हवा घेऊन खाली येतात. हे ठीक आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ओटो मधूनच पृष्ठभागावर झेपावून हवेचा घोट घेतो, हे त्याच्या रचनेतच आहे. त्याच्या अन्ननलिकेला एक पिशवीसारखा फाटा असतो, त्यात तो हवा साठवतो. दिवसातून एखाददुसऱ्या वेळी असं केलं तर काळजी नको. पण ‘सारखे’ हा तुमचा शब्द मला टोचला. पाण्यात प्राणवायू कमी पडतोय, हा त्याचा अर्थ. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो सातवर येतो, आणि गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. ओटोला २२ ते २६ अंश सुखाचे. २८ पर्यंत चालून जातं.

तुमच्याकडची हवा कोरडी आहे, तिचा फायदा घ्या. टाकीचं झाकण काढून जाळी घाला आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा. कोरड्या हवेत बाष्पीभवन भराभर होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कधी जास्तही. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा फारसं काही करत नाही, म्हणून तिकडच्या कुणाचं ऐकून तो निकामी ठरवू नका. उडालेलं पाणी रोज भरा. बर्फ थेट टाकू नका. बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवलं तरी एका तासात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

विजेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या आणि त्याला स्पंज फिल्टर जोडा. वीज गेली की फक्त मासे गुदमरत नाहीत, स्पंजमधले जिवाणूही मरायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया वर येतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर एप्रिलच्या आत हलवा. उन्हाळ्यात नवे ओटो आणूच नका. डिसेंबर-जानेवारीत आणा.

प्रश्न : पाणी किती आणि कधी बदलावं?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : आठवड्याला पाचवा हिस्सा, फार तर चौथा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) थेंब आधी बादलीत, मग बादली टाकीत. तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे.

टँकरच्या पाण्यापासून मात्र जपा. एका मे महिन्यात सोसायटीत बोअरच्या पाण्याचा टँकर आला होता आणि मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नेहमीसारखं पाणी बदललं, तेही घाईत अर्धं. माझ्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ८०-९० असतो, नंतर मोजलं तर बादलीत ७०० च्या वर होता. संध्याकाळपर्यंत तीन ओटो काचेवरून सुटून तळाला आडवे पडले. त्यातली एक मादी चार वर्षं माझ्याकडे होती. तेव्हापासून मीटर बादलीच्या शेजारी खिळ्याला टांगलेला असतो आणि एप्रिल ते जून प्रत्येक बादली मोजते. बोअरचं पाणीच वापरायचं असेल तर पहिल्या दिवसापासून तेच वापरा. ओटो थोडं जड पाणी सोसतो, पण एका तासात बदललेलं पाणी त्याला सोसत नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ‘शेवाळ खाणारा छोटा मासा’ म्हणून घेतलेला मासा आता वीतभर झालाय, अंगावर ठिपके आहेत, झाडं उपटतो. रंकाळ्यात सोडला तर चालेल का? तिथे शेवाळही भरपूर आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. कृपा करून रंकाळ्यात नाही, पंचगंगेतही नाही, विहिरीतही नाही.

वर्णनावरून तो दुकानातला ‘सकर’, टेरिगोप्लिक्थिस. हाही दक्षिण अमेरिकेतलाच, पण दीड फुटापर्यंत वाढतो. हवेवर जगू शकतो, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. अंगावरच्या हाडांच्या चिलखतामुळे मासेमारांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. भारतातल्या अनेक नद्या-तळ्यांत तो असाच, टाक्यांतून सोडलेला, पसरला आहे. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या, तोवर मोठ्या टबात ठेवा.

दुकानात लहान असताना तीन मासे एकमेकांत मिसळतात. सकरच्या पाठीवरचा पर शिडासारखा उंच असतो आणि अंगभर ठिपके. चायनीज अल्गी ईटर सोनेरी-तपकिरी, लांबट, अंगाने गुळगुळीत. तो मोठा झाला की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो. ओटो या दोघांपेक्षा बारीक, आणि नाकापासून शेपटीपर्यंत एक सलग काळी रेघ.

शेवाळ खाणारा मासा आपल्याकडेही आहे, हे या निमित्ताने सांगते. सह्याद्रीतल्या ओढ्यांत दगडांना चिकटून शेवाळ खाणारा मल्या. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना आपल्याकडचं हेच मराठी नाव त्याच्या शास्त्रीय नावात ठेवलं, गारा मुल्या. पण त्याला खळाळतं पाणी लागतं, तो वीतभर होतो आणि उडी मारून टाकीबाहेर पडतो. त्याला ओढ्यातच बघावं. पावसाळा ओसरल्यावर नितळ पाण्यात वाकून पाहिलं की दिसतो.

प्रश्न : आमच्याकडे पाच ओटो होते, चार वर्षांत चार गेले. उरलेला एकटा कोरीडोरासच्या, म्हणजे तळाला राहणाऱ्या दुसऱ्या छोट्या मांजरमाशांच्या, घोळक्यात बसतो. त्याला सोबत आणावी का, की या वयात त्रास नको?
– एक वाचक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : चार वर्षं जगवलेत, यातच तुमची टाकी चांगली आहे हे आलं. ओटो बहुधा तीन ते पाच वर्षं जगतो, क्वचित त्याहून पुढे.

तो कोरीडोरासमध्ये बसतो त्याला कारण आहे. कोरीडोरासच्या परांना टोकदार, टोचणारे काटे असतात, मोठे मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. काही ओटो त्यांच्यासारखं रूप घेऊन त्यांच्यात मिसळतात. पराग्वेमधून २००३ मध्ये अशी जोडी शास्त्रज्ञांनी एकत्रच नोंदवली : एक कोरीडोरास आणि त्याची नक्कल करणारा ओटो. त्या ओटोचं नावच मिम्युलस ठेवलं, छोटा नकलाकार. तुमच्या म्हाताऱ्याने आपली सोय स्वतः लावून घेतली आहे.

तरीही सोबत आणा. एकटा ओटो फार वेळ लपून राहतो आणि लपलेला ओटो कमी खातो. पण नव्यांच्या अंगावरून आलेला आजार जुन्याला लागला तर तो सोसणार नाही, म्हणून नव्या पाच-सहांना चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. ती टाकी कोरी नको. आताच्या टाकीतलाच एक वापरता स्पंज आणि एक जुनं लाकूड तिकडे आधी महिनाभर चालू द्या. मासे आणल्यावर पिशवी एकदम उलटी करू नका. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब तासभर पिशवीत पडू द्या, मग जाळीने मासे उचला. पांढरे ठिपके आले तर तांबं असलेलं औषध आणि मीठ दोन्ही टाळा.

चार आठवड्यांनी सगळ्यांची पोटं गोल असली की संध्याकाळी, दिवा मालवून, मोठ्या टाकीत सोडा. आणि तुमचा जुना त्यांच्याकडे जातो की कोरीडोरासकडेच राहतो, ते मला जरूर कळवा. माझ्याकडे अशीच वेळ आली तेव्हा माझा जुना तीन दिवस कोरीडोरासकडेच होता. चौथ्या सकाळी अमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीच्या एकाच पानावर सातही जण ओळीने बसलेले होते, तो मधोमध.